बागेत पगारी माणूस: दोन उद्यानांच्या सुरक्षेसाठी पालिकेच्या बजेटमधून पैसे मिळवतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या शहरातल्या दोन सार्वजनिक बागांचं आहे. एक मोठी, चालायचा ट्रॅक, लहान मुलांची खेळणी आणि एका कोपऱ्यात बास्केटबॉलचं कोर्ट असलेली, आणि दुसरी रेल्वेरुळांच्या कडेने गेलेली लांबट बाग, जिच्या मधोमध उभं राहिलं तर दोन्ही गेट दिसत नाहीत. शहराचं आणि माणसांचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही, ओळख पटेल असे तपशीलही काढलेत. या बागांसाठी जो रहिवाशांचा गट तयार झाला त्याचं कागदपत्रांचं काम मी बघायचे, त्यामुळे फायली कुठे अडल्या आणि कशा सुटल्या ते जवळून बघायला मिळालं.

आधी दोन्ही बागांना रखवालदार होते. मोठ्या बागेचा रखवालदार तर गेटजवळच्या खोलीतच राहायचा, कोणाचं पोर कोणतं हे त्याला माहीत असायचं. ते रिटायर झाले आणि पदं भरलीच नाहीत. त्यानंतर देखभालीचं कंत्राट निघालं, ज्यात गवत किती वेळा कापायचं, कचरा किती वाजता उचलायचा हे सगळं लिहिलेलं होतं पण बागेत थांबणं हे कोणाचंच काम नव्हतं. हे काही याच शहराचं नाही. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना बागांच्या देखभालीचं काम स्पर्धात्मक टेंडरने द्यावं लागलं, आणि जे पार्ककीपर आधीच कमी होत चालले होते ते अनेक ठिकाणी दिसेनासेच झाले. गवत कापायचं टेंडर काढता येतं, ओळखीच्या नजरेचं काढता येत नाही, आणि जे टेंडरमध्ये लिहिता येत नाही ते कोणाच्या लक्षातही न येता निघून जातं.

अडचण नेमकी काय होती

मोठा गुन्हा असा कुठलाच नव्हता, आणि हीच पहिली अडचण. दिवे फुटायचे, सायकली जायच्या, स्वच्छतागृहाच्या मागे रात्री दारू प्यायला माणसं बसायची, रुळांकडच्या बागेत एकट्या चालणाऱ्या मुलींच्या मागे कोणीतरी येत राहायचं. यातलं एकेक घेतलं तर तक्रार करायला जावं एवढं मोठं वाटत नाही, पण एकत्र घेतलं की संध्याकाळी अंधार पडायच्या आत बायका घरी, मग आजीआजोबा घरी, मग लहान मुलं घरी, आणि माणसं कमी झाली की उरलेल्यांना आणखी भीती वाटते. बाग अशीच रिकामी होत जाते, एका दिवसात नाही.

तक्रार करायची म्हटलं तर तीन टेबलं. उद्यान विभाग म्हणायचा हे पोलिसांचं काम, पोलीस म्हणायचे आमच्याकडे लेखी तक्रारी किती आहेत ते दाखवा, आणि पालिकेचा सुरक्षा विभाग म्हणायचा आम्ही इमारती आणि गोडाऊन सांभाळतो, मोकळी जागा आमच्याकडे नाही. तिघांचंही म्हणणं कागदावर बरोबर होतं.

मग कोर्टावर मारामारी झाली, एका मुलाला डोक्याला टाके पडले, बातमी आली आणि दुसऱ्या आठवड्यात पालिकेने दोन्ही बागा संध्याकाळी सातला बंद करायला सुरुवात केली. गट खरा उभा राहिला तो इथे. दिवसभर काम करणाऱ्या माणसाला बाग मिळते तीच सातनंतर, त्यामुळे सुरक्षेच्या नावाखाली ज्यांना बाग सगळ्यात जास्त हवी त्यांचीच बंद झाली.

कोणते पर्याय समोर होते

सगळ्यात आधी कॅमेरे, कारण कोणालाही विचारा पहिलं उत्तर तेच येतं. कॅमेऱ्यांना आमचा विरोध नव्हता पण त्यांच्याकडून अपेक्षा काय ठेवायची हे बघावं म्हणून वाचलं, तर २०१९ मध्ये चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा निघालाय आणि त्यात कॅमेऱ्यांचा सगळ्यात ठळक परिणाम पार्किंगच्या जागांमध्ये दिसतो, शिवाय समोर बसून कोणीतरी बघत असेल तर परिणाम जास्त, नुसतं रेकॉर्डिंग असेल तर कमी. म्हणजे कॅमेरा लावला तरी बघायला पगारी माणूस लागणारच.

दिव्यांचं मात्र वेगळं. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून तात्पुरते मोठे दिवे लावले होते आणि रात्रीचे उघड्यावरचे गंभीर गुन्हे तिथे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचं संशोधकांनी मांडलं. ते आम्ही मागणीत घेतलं. पण आमच्या बागांमध्ये दिवे होतेच की, फुटलेले होते, आणि फुटला हे सांगायला कोणी नव्हतं.

पोलिसांची गस्त वाढवणं हा पर्याय स्थानिक अधिकाऱ्यांनीच प्रामाणिकपणे खोडला. ते म्हणाले, गाडी येईल, चक्कर मारेल आणि जाईल, त्यापुढचा पाऊण तास बागेत काय होतं ते मला कळणार नाही. स्वयंसेवकांची गस्त सुरू करून बघितली, पहिले काही आठवडे उत्साह होता, मग परीक्षा, पाऊस, कोणाचं आजारपण, आणि शेवटी रोज तीच चार माणसं. त्यातल्या एका ताईंनी मीटिंगमध्ये सरळ सांगितलं, "मी येते, पण मी आले नाही म्हणून काही झालं तर ते माझ्या डोक्यावर नको." मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. सार्वजनिक जागेची जबाबदारी फुकट काम करणाऱ्यांवर टाकली की ती दोषासकट टाकली जाते.

आणि एक पर्याय जवळच्या बांधकाम व्यावसायिकाकडून आला, एक वर्ष गार्डचा पगार आम्ही देतो, गेटवर आमचा बोर्ड लावा. यावर गटात कडाक्याचं भांडण झालं, त्याबद्दल पुढे.

पहिला निर्णय: मागायचं काय

सुरुवातीचं निवेदन अगदी नेहमीचं होतं, बागांना सुरक्षा द्या, खाली सह्या. पालिकेने उत्तर दिलं, "मागणीची नोंद घेतली आहे." त्यावर काही होणार नाही हे सगळ्यांना कळत होतं.

वळण आलं ते लेखा विभागातल्या एका साहेबांच्या टेबलावर. त्यांनी निवेदन वाचलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "एकदाच लागणारे पैसे मागा, कॅमेरे, भिंत, गेट, मी फाईल पुढे सरकवतो. दरवर्षी लागणारे मागाल तर कोणीच सही करणार नाही, कारण ते पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतात." भांडवली खर्च आणि महसुली खर्च हा फरक आम्हाला ऐकून माहीत होता, पण त्यामुळे शहरात वस्तू येतात आणि माणसं येत नाहीत हे त्या दिवशी स्वच्छ कळलं. आठ कॅमेऱ्यांचं उद्घाटन होतं, फोटो येतो. आठ पगारांचं काही होत नाही, ते फक्त दर महिन्याला द्यावे लागतात.

तिथून गटापुढे दोन रस्ते होते. पटकन मिळेल ते म्हणजे कॅमेरे घ्यायचे आणि पुढे भांडत राहायचं, नाहीतर दरवर्षीच्या खर्चाचीच मागणी करायची आणि वर्ष जाईल हे मान्य करायचं. दुसरा रस्ता धरला. कारण एकदा का कॅमेरे बसले की "बागांच्या सुरक्षेवर खर्च झालेला आहे" असं पुढची कित्येक वर्षं ऐकवलं गेलं असतं.

हिशोब

मग "सुरक्षा" हा शब्द मागणीतून काढून तिथे तास लिहिले. हे काम रटाळ होतं पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला म्हणून सविस्तर सांगते.

बाग पहाटे ५ ते रात्री १० उघडी धरली तर दिवसाचे १७ तास, आठवड्याचे ११९. एकट्या माणसाला ठेवायचं नाही, कारण काही घडलं तर एकाने फोन करायचा आणि एकाने तिथे थांबायचं, म्हणून दोघं, म्हणजे २३८ तास. एका माणसाचा आठवडा ४८ तासांचा धरला तर पाच माणसं लागतात, त्यात रजा, आजारपण, ट्रेनिंग धरलं की सहा. एका बागेला सहा! "दोन गार्ड द्या" असं आम्ही आधी जे म्हणत होतो त्यात प्रत्यक्षात बाग अर्ध्याहून जास्त वेळ रिकामीच राहिली असती आणि मग लोक म्हणाले असते, गार्ड ठेवून काय फरक पडला.

सहा माणसांचा आकडा ऐकून नगरसेवक गप्प झाले, म्हणून दुसरा हिशोब केला. फक्त पहाटे ५ ते ८ आणि दुपारी ४ ते रात्री १०, रोजचे ९ तास, दोघं धरून आठवड्याचे १२६ तास, म्हणजे तीन माणसं आणि रजेला एक हाताशी. हे तास अंदाजाने धरले नव्हते. गटातल्या लोकांनी पाळ्या लावून वहीत नोंदी केल्या होत्या, किती वाजता कोण येतं, कोण निघून जातं, काय घडतं. वहीतल्या नोंदी अगदी साध्या: "६.५०, झोपाळ्यामागचा दिवा बंद, तीन बायका ट्रॅक अर्धवट सोडून मुख्य रस्त्याकडे वळल्या." "८.१५, कोर्टवर मुलं, आवाज मोठा, भांडण नाही." ही दुसरी नोंद पुढे कामी आली, कारण सभेत कोणीतरी म्हणालं की कोर्टावरची पोरंच सगळा त्रास करतात, आणि वही काढून दाखवता आलं की त्रासाच्या नोंदी बहुतेक कोर्ट रिकामं असतानाच्या आहेत.

दुसरा निर्णय: या माणसाने करायचं काय

या टप्प्यावर गट फुटायला आला होता.

कामाच्या स्वरूपाचा पहिला मसुदा पालिकेकडून आला, बहुधा कुठल्यातरी गोडाऊनच्या टेंडरमधून उचललेला. त्यात एक ओळ होती, "संशयास्पद व्यक्तींना आवाराबाहेर काढणे." गटातल्या निम्म्या लोकांना त्यात काहीच खटकलं नाही. मोठ्या बागेत एक वयस्कर बेघर गृहस्थ बाकावर झोपायचे, त्यांनी कोणाला कधी काही केलेलं नव्हतं, आणि एका काकांनी विचारलं की या ओळीप्रमाणे पहिल्या दिवशी बाहेर कोण जाणार? उत्तर सगळ्यांना माहीत होतं. कोर्टावरच्या मुलांनीही तेच विचारलं, जरा वेगळ्या भाषेत.

त्यावर झालेली चर्चा लांबली, कडू झाली, दोन जण गट सोडून गेले. शेवटी ठरलं की ती ओळ जाणार आणि त्या जागी कामं येणार: रोज फिरून दिवे, नळ, खेळणी बघून बिघाड कळवणे, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलणे, मुलांना नावाने ओळखणे, वाद झाला तर हात न लावता शांत करणे, प्रथमोपचार, आणि कधी पोलिसांना, कधी ॲम्ब्युलन्सला, कधी निवारा केंद्राला फोन करायचा याची लेखी यादी. काठी नाही. गणवेश साधा, लांबून ओळखू येईल असा, पण पोलिसांसारखा नाही. आणि निम्म्या बायका.

याला पूर्वीचा आधार होता आणि तो आम्ही वापरला. नेदरलँड्समध्ये १९८४ च्या सुमारास ट्राममधली तोडफोड आणि फुकट प्रवास वाढला तेव्हा ॲम्स्टरडॅम, रॉटरडॅम आणि हेगमध्ये मिळून सुमारे १,२०० तरुण बेरोजगारांना सुरक्षा, माहिती आणि तपासणी अशा तिहेरी कामावर सरकारी पैशातून घेतलं, आणि फुकट प्रवास कमी झाला. तिथूनच पुढे १९८९ मध्ये डॉर्डरेख्टमध्ये शहररक्षकांची कल्पना आली, रस्त्यावर दिसणारी, मदत करणारी, पोलीस नसलेली माणसं. न्यूयॉर्कने तर १९७९ मध्येच, शहराची तिजोरी डबघाईला आलेली असताना, बागांसाठी शहरी रेंजर, म्हणजे बागांमध्ये फिरून लोकांना मदत करणारे गणवेशातले कर्मचारी, सुरू केले होते. "आमच्याकडे पैसे नाहीत" याला हे उदाहरण फार चांगलं उत्तर ठरलं.

तिसरा निर्णय: पैसा कोणाचा

बांधकाम व्यावसायिकाचं म्हणणं वाईट हेतूचं नव्हतं असं मला आजही वाटतं. पण तो पैसा घेतला असता तर दोन गोष्टी झाल्या असत्या. एक, वर्षाने बोर्डाचा उपयोग संपला की पगारही संपला असता. आणि दोन, त्या दोन बागांना मिळालं असतं कारण त्यांच्या शेजारी फ्लॅट विकायचे होते. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बागेला, जिच्या शेजारी विकण्यासारखं काही नाही, कधीच मिळालं नसतं. बागेत निर्धास्त बसता येणं हा शेजार कसा आहे त्यावर ठरायचा हक्क नाही. गटाने नाही म्हटलं, थोड्या मतांच्या फरकाने, आणि ज्यांनी हो म्हटलं होतं त्यांचाही मुद्दा खोटा नव्हता: तोवर मुलींनी काय करायचं?

तिकीट लावण्याचा प्रस्तावही आला होता, तो पाच मिनिटांत संपला.

प्रत्यक्षात काय केलं

बजेटचं वेळापत्रक काढलं. विभाग आपापल्या मागण्या जुळवतात ते महिने वेगळे आणि सभेत चर्चा होते तो महिना वेगळा, आणि बहुतेक नागरिक चर्चेच्या वेळी जागे होतात, जेव्हा सगळं छापून झालेलं असतं. आम्ही उद्यान विभागाकडे मागण्या जुळवण्याच्या काळातच गेलो, आणि त्यांच्या कामाचा कागद घेऊन गेलो: मागच्या वर्षी फुटलेले दिवे, तुटलेली खेळणी, चोरीला गेलेले नळ बदलायला त्यांनीच किती खर्च केला ते. ती माहिती माहितीच्या अधिकाराचा अर्ज न करता मिळाली कारण विभागाच्या अभियंत्यालाच ते रोजचं डोकेदुखीचं काम होतं. तो स्वतःहून म्हणाला, "माणूस असेल तर माझे निम्मे फोन वाचतील." त्या दिवसापासून मागणी आमची राहिली नाही, विभागाची झाली.

दुसरं, स्वतंत्र लेखाशीर्ष मागितलं, म्हणजे बजेटमध्ये याच खर्चाच्या नावाची वेगळी ओळ. "उद्यान देखभाल" या मोठ्या शीर्षात पैसे टाकले असते तर पहिल्या टंचाईत तेच कापले गेले असते आणि कोणाला कळलंही नसतं.

तिसरं, सभेत बोलायला गटाच्या अध्यक्षांना न पाठवता चार जणांना पाठवलं: रात्रपाळीहून येऊन पहाटे चालणारी एक नर्स, कोर्टावरचा एक मुलगा, चाकाच्या खुर्चीवरून येणारे एक आजोबा, आणि रुळांकडच्या बागेतून क्लासला जाणारी एक मुलगी. तिने एवढंच सांगितलं की ती बागेतून गेली तर आठ मिनिटं लागतात आणि रस्त्याने पंचवीस, आणि ती रोज पंचवीस मिनिटांचा रस्ता घेते. सभागृहात त्यावर कोणी काही बोललं नाही आणि ठराव पुढे गेला.

निकाल

पूर्ण मागणी मंजूर झाली नाही. एका वर्षाचा प्रायोगिक प्रकल्प, दोन्ही बागा, फक्त गर्दीच्या वेळा, माणसं पालिकेच्या थेट नोकरीत न घेता एजन्सीमार्फत. स्वतंत्र शीर्ष मिळालं. कामाचं स्वरूप आम्ही लिहिलेलं जवळपास तसंच राहिलं. सातची बंदी उठली.

एजन्सीच्या करारात आम्ही तीन अटी आग्रहाने घालून घेतल्या: पगार थेट खात्यात, त्याच माणसांना त्याच बागेत ठेवणं, आणि बसायला खोली आणि वापरण्यासारखं स्वच्छतागृह. तिसरी अट काहींना किरकोळ वाटली. पण नऊ तास उभं राहायचं, पाणी नाही, बाथरूम नाही, तर बाई त्या नोकरीत किती दिवस टिकणार, आणि जी टिकणार नाही ती मुलांची नावं कधी शिकणार!

काही महिन्यांत रुळांकडच्या बागेत संध्याकाळी बायका परत दिसायला लागल्या. दिवा फुटला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बदलला जायचा. बेघर गृहस्थांना निवारा केंद्रात जागा मिळाली, ते दुपारी अजूनही बागेत येतात आणि सगळे त्यांना ओळखतात. कोर्टावर भांडणं झालीच, पण कर्मचारी ताई मुलांना नावाने हाक मारायच्या आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर मिटायचं.

आणि तक्रारींचा आकडा वाढला. सहामाही अहवालात नोंदवलेल्या घटना आधीपेक्षा जास्त आल्या आणि एका सदस्याने लगेच विचारलं की पैसे खर्च करून बाग जास्त असुरक्षित झाली का. कारण साधं आहे, आधी सांगायला कोणी नव्हतं म्हणून कोणी सांगत नव्हतं, आता गेटवर माणूस आहे आणि त्याच्या हातात वही आहे. पण हे उत्तर आकडा छापून आल्यावर दिलं की सारवासारव वाटतं. ते स्पष्टीकरण लोकांपर्यंत पोचायला बराच वेळ गेला आणि मुदतवाढीची चर्चा त्यामुळे एक सभा पुढे ढकलली गेली.

काय वेगळं करता येईल

मोजायचं काय हे पहिल्या दिवशी ठरवून लिहून घ्यायला हवं. घटनांची संख्या हा एकच आकडा ठेवला तर तो चांगल्या कामाच्या विरोधात जातो. त्याऐवजी संध्याकाळी सातनंतर बागेत किती बायका, किती मुलं, किती म्हातारी माणसं आहेत, बिघाड किती दिवसांत दुरुस्त होतो, हे मोजावं, आणि घटनांचा आकडा सुरुवातीला वाढेल हे ठरावातच नमूद करावं.

एजन्सीचा पर्याय मान्य करणं हा वादाचा मुद्दा आहे आणि माझं मत त्याविरुद्ध होत गेलंय. पगार थेट खात्यात जायचा तरी दोनदा उशीर झाला, आणि जाब विचारला की पालिका एजन्सीकडे बोट दाखवायची आणि एजन्सी पालिकेच्या बिलाकडे. पण थेट भरतीचा हट्ट धरला असता तर त्या वर्षी काहीच मिळालं नसतं हेही तितकंच खरं. कराराच्या मुदतीतच पदनिर्मितीचा प्रस्ताव सुरू करायची तारीख घालून घेणं, हा मधला मार्ग तेव्हा शक्य होता.

मुलांना, म्हणजे कोर्टावरच्या मुलांना, कामाच्या स्वरूपाचा मसुदा आल्यावर बोलावलं गेलं. वही सुरू झाली तेव्हाच बोलवायला हवं. बाग सगळ्यात जास्त वेळ तेच वापरतात आणि कुठला कोपरा कधी बिघडतो ते त्यांना आमच्या कुठल्याही नोंदीपेक्षा आधी माहीत होतं.

आणि दोनच बागांची मागणी करण्याऐवजी सगळ्या बागांची यादी करून, गरजेप्रमाणे क्रम लावून, त्यातल्या पहिल्या दोन आत्ता करा असं म्हणणं जास्त बरं. आमच्या मागणीत बाकीच्या बागा नव्हत्या, त्यामुळे मुदतवाढीच्या वेळी बाकीच्या वॉर्डांचे सदस्य विचारायला लागले की आमच्या लोकांनी काय केलंय, आणि प्रश्न रास्त होता.

मुदतवाढ शेवटी आणखी एका वर्षाची मिळाली, तीन बागांसाठी. तिसरी बाग शहराच्या दुसऱ्या टोकाची आहे. तिथल्या लोकांनी वही सुरू केली आहे आणि पुढच्या बजेटच्या मागण्या जुळवायला लागायच्या आत क्रमवारीची यादी उद्यान विभागाला द्यायची आहे, त्यावर आता काम चालू आहे.